मातेचे नाव

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर मार्गाला असन्निधान प्राप्त झाले. सन्निधानात जे दर्शनाने साधत होते, ते असन्निधानात स्मरणाने साधावयाचे, ही आपल्या आचारधर्माची धारणा होय. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा साधकाचा नित्यनेम. भिक्षा, अटन, विजन ही त्या स्मरणाची कुंपणे. म्हणून कोणाचे स्मरण करावे आणि कोणाचे करू नये, हा प्रश्न इतरांना किरकोळ वाटला तरी महानुभाव साधकाला तो तसा वाटत नाही. जीवाच्या स्मरणाने जीव गुंततो आणि परमेश्वराच्या स्मरणाने सुटतो, हे त्याला पहिल्या पाठातच शिकविलेले असते.

असे असता एखाद्या खेड्यातील, संसारात राहिलेल्या, कधीही संन्यास न घेतलेल्या स्त्रीचे स्मरण या मार्गात कोणत्या अधिकाराने करावे? मुलाबाळांना वाढविणारी, शेताच्या चिखलात उतरणारी, शेजारणीच्या बाळंतपणाला रात्री धावून जाणारी अशी माउली गेली म्हणजे गाव हळहळते, दहा दिवस तिचे गुण गाते, आणि अकराव्या दिवसापासून आपल्या कामाला लागते. हे गावाचे झाले. परंतु धर्माने तिला कोठे ठेवावे? ज्याच्या घरी अशी आई होती, त्या प्रत्येक उपदेशी कुटुंबाला हा प्रश्न एकदा तरी पडतो. आणि जो मुलगा घर सोडून मठात आला, त्याला तर तो एकांतात अधिकच पडतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. ते लीळाचरित्रातच आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन, विचारून, श्रीनागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. हे कार्य तेराव्या शतकातले. त्या काळी स्त्री ही कोणाची तरी कन्या, कोणाची तरी भार्या एवढ्याच ओळखीने लिहिली जाण्याची रीत होती. म्हाइंभटांनी मात्र त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहिले. स्वामींच्या सेवेत अहोरात्र राहिलेल्या बाइसा, नागदेवाचार्यांची जननी आबाइसा, भगिनी उमाइसा, तशाच महदाइसा, देमाइसा, आउसा आणि हिराइसा अशी ही नावे आहेत. कोणी कोणते अन्न रांधले, कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणाच्या मनात कोणती शंका आली आणि स्वामींनी तिचे कसे निरसन केले, हे त्या त्या नावानिशी नोंदलेले आहे. आज जो साधक लीळेचे स्मरण करतो, त्याला ही नावे वगळून ते करताच येत नाही. बाइसांनी वाढलेले ताट बाजूला सारून त्या भोजनाची लीळा आठवता येईल काय? महदाइसेचा प्रश्न पुसून टाकला, तर त्या उत्तराला अर्थ कसा उरेल?

म्हणजे सिद्ध झाले ते असे, की परमेश्वराकडे ज्याचे तोंड वळलेले आहे त्या जीवाचे स्मरण हे जीवात गुंतविणारे नसते. ते त्याच दिशेला नेणारे असते. दिवा पाहावयाचा तर ज्या कोनाड्यात तो ठेवला आहे तो कोनाडाही दृष्टीस पडतोच.

याहून मोठा अधिकार श्रीनागदेवाचार्यांनी दिला आहे. केशिराजबासांसारखे संस्कृतात निष्णात शिष्य मार्गात आले. त्यांना गीर्वाण भाषेत ग्रंथरचना करण्याची हौस होती आणि सामर्थ्यही होते. पंडितांच्या सभेत मार्गाची प्रतिष्ठा वाढविणारी ती गोष्ट होती. परंतु आचार्यांनी त्यांना आवरले. कारण काय दिले? तर असे लिहिले म्हणजे आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जातील. स्मृतिस्थळातील हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु परिचयामुळे त्यातील आश्चर्य मात्र बोथट झाले आहे. एका संप्रदायाने आपल्या शास्त्राची भाषा ठरविताना राजाचा, पंडिताचा किंवा परदेशस्थ विद्वानाचा विचार केला नाही. कानाने ऐकून जेवढे कळते तेवढ्यावर जिचा धर्म उभा आहे, त्या म्हातारीचा विचार केला. मराठी ही मार्गाची धर्मभाषा झाली ती तिच्यासाठी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि श्रीगोविंदप्रभूंच्या ऋद्धिपुरी मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले. या दोन्ही गोष्टींचा आनंद मानताना त्या सन्मानाची पहिली धनीण कोण, याचा विसर पडू नये.

ही म्हातारी केवळ तेराव्या शतकात होती असे नव्हे. ती प्रत्येक काळात आणि प्रत्येक गावात असते. उदाहरणासाठी आपल्या तीर्थस्थानांपासून दूरचे एक गाव घेऊ. स्वामींच्या परिभ्रमणाच्या स्मृती मुख्यत्वे गोदातीर, वऱ्हाड आणि खानदेश या भागांत जतन झाल्या आहेत. जासई हे गाव कोकणपट्टीतले, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले. आज त्याच्या भोवती नवी मुंबईचा विस्तार आहे. जवळच १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आहे. आणि खाडीवरून आलेला, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू शेजारच्या चिर्ले गावापाशी उतरतो. परंतु हे सर्व होण्यापूर्वीची जासई ही भातशेतीची, खाडीची आणि मिठागरांच्या शेजाराची होती. आगरी समाजाच्या स्त्रियांनी ती उभी ठेवली होती.

खारजमिनीतील शेती म्हणजे समुद्राशी रोजचा व्यवहार. भरतीचे पाणी बाहेर राहावे म्हणून मातीचा बांध. पावसाचे पाणी ओहोटीला निघून जावे म्हणून उघाडी. बांधाला एका रात्रीत खांड पडली, तर खारे पाणी आत शिरते, उभे भात तर जातेच, पण जमिनीत मीठ उतरून पुढचे हंगामही नासतात. आणि हे पाणी एकाच्या शेतात शिरून थांबत नाही. म्हणून बांधाची राखण ही कोणा एकट्याची नसते. हाक आली की ज्याच्या घरात जो असेल त्याने घमेले घेऊन धावावयाचे. अशा गावात स्त्रीला समाजसेवा हा निराळा शब्द शिकविण्याची गरज नव्हती. आपले शेत वाचवावयाचे तर शेजाऱ्याचा बांध बुजविलाच पाहिजे, हे तिला पायाखालच्या चिखलाने शिकविले होते. पहाटे जात्यावर बसणे, तांदळाच्या भाकरी थापणे, दिवसभर वाकून लावणी करणे, संध्याकाळी पाण्याची खेप आणणे आणि त्यातून उरलेल्या वेळात कोणाचे आजारपण, कोणाचे लग्न, कोणाचे सुतक सांभाळणे, हा तिचा नित्यक्रम होता. यात प्रपंच कोठे संपला आणि परोपकार कोठे सुरू झाला, हे तिलाही सांगता आले नसते.

या प्रदेशातील एक गोष्ट तर महानुभाव वाचकाने कान देऊन ऐकावी अशी आहे. उरण, पनवेल, अलिबाग या भागांत आगरी घरात लग्न निघाले, की धवलारीण बोलावतात. ही बहुधा वयाने मोठी, गावातलीच, निरक्षर स्त्री असते. मांडवापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे धवळे तिच्या मुखी असतात. तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाही. तिचा मान पुरोहितासारखा. तिच्यापुढे पोथी नसते, कारण पोथी तिच्या कंठात असते. आईकडून, सासूकडून, आत्याकडून ऐकत ऐकत ती परंपरा तिच्यापर्यंत आलेली असते.

धवळे हा शब्द ऐकताच आपल्याला ऋद्धिपूर आठवते. श्रीगोविंदप्रभूंनी विवाहाची लीळा मांडली आणि त्या प्रसंगी महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव वाङ्मयेतिहासात पहिल्या ओळीवर आले ते या धवळ्यांमुळे. महदाइसा बालविधवा होती. ज्या स्त्रीला तत्कालीन समाजाने मंगलकार्यात पुढे येऊ दिले नसते, तिला श्रीप्रभूंच्या दारी विवाहाची गीते गाण्याचा अधिकार मिळाला. तिने काही नवा छंद शोधला नाही. लग्नघरी बायका जे गात आल्या होत्या तेच तिने उचलले आणि परमेश्वराच्या चरणी वाहिले. जासईच्या मांडवात गाणारी धवलारीण महदाइसेचे नाव जाणत असेल वा नसेल. दोघींचे गीत एकाच कुळातले आहे. एकीचे गीत ग्रंथात राहिले, कारण ते जपणारे लोक होते. दुसरीचे गीत तिच्याबरोबर जाते, कारण लिहून घेण्यास कोणी बसले नाही. आपण ज्या अंतराला पांडित्य आणि अज्ञान अशी नावे देतो, ते पुष्कळदा लेखनिक असण्या-नसण्याचे अंतर असते.

येथे विरक्त मंडळींनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. भिक्षू भिक्षेला निघतो तेव्हा तो कोणाच्या घरी जावे हे ठरवीत नाही, काय मिळावे हे मागत नाही. जे झोळीत पडेल ते घेऊन निघतो. या निराकांक्षेवर त्याचा आचार उभा आहे. परंतु झोळीत पडणारा घास कोणाच्या हाताने पडतो? दाराआड उभ्या असलेल्या स्त्रीच्या. तिने तो पहाटे उठून रांधला. घरातील माणसे मोजून रांधला. आणि तरीही एक घास अधिक होईल असा रांधला. हा अधिकचा एक घास म्हणजे तिचा धर्म. ती अटन करीत नाही, परंतु अटन करणाऱ्याचे चालणे तिच्या चुलीवर चालते. ती विजनात बसत नाही, परंतु विजनात बसणाऱ्याचे पोट तिने निश्चिंत केलेले असते. तेव्हा तिचा प्रपंच आणि आपला परमार्थ यांत जी भिंत आपण कल्पितो, तिला दार आहे हे रोज झोळी पुढे करताना तरी आठवावे.

आता एक अवघड भाग येतो. स्वामींनी साधकाला स्वदेशाचा, स्वग्रामाचा, संबंधियांचा त्याग सांगितला आहे. ओळखीची माती मनाला धरून ठेवते म्हणून अनोळखी प्रदेशात, एखाद्या वृक्षाखाली आयुष्य घालवावे, ही शिकवण आहे. तिला मुरड घालून कोणाचे कौतुक करणे हे शास्त्राशी प्रतारणा ठरेल. मग जी स्त्री आपले गाव सोडून कोठे गेली नाही, एवढेच नव्हे तर त्या गावच्या जमिनीसाठी जी रस्त्यावर उतरली, तिच्याविषयी काय म्हणावे?

जासईत हे घडले आहे. १९७० साली नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील जमिनींचे संपादन सुरू झाले. बांध, उघाडी, मिठागरे आणि भातखाचरे कागदावर एकरांच्या आकड्यांत उतरली. योग्य मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा मिळावा म्हणून शेतकरी एकत्र आले. त्यांचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी दास्तान फाटा आणि पागोटे येथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, कमलाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील ही त्यांची नावे. आंदोलनात स्त्रियाही होत्या. मुलांना घरी ठेवून आलेल्या, काही कडेवर घेऊन आलेल्या. त्या बलिदानानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. दरवर्षी जानेवारीत या पाच जणांना अभिवादन केले जाते.

ही जमीन त्या मातांना कशी दिसत होती? सातबाऱ्यावर बहुधा त्यांचे नाव नव्हते. मालकीचा अभिमान धरावा असे त्यांच्या हाती काही नव्हते. त्यांना जमीन दिसत होती ती घरातल्या तोंडांच्या हिशेबात, दाराशी येणाऱ्याला घालावयाच्या घासाच्या हिशेबात. स्वामींनी सोडावयास सांगितले ते माझेपण. भिक्षूला ते सोडण्यासाठी गाव सोडावे लागते, कारण गावात राहून ते सुटत नाही हा त्याचा अनुभव. परंतु जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, आणि जिचे आडनावही लग्नाच्या दिवशी बदलले गेले, त्या स्त्रीने एकदा माहेर सोडले तेव्हाच स्वग्रामत्यागाचा एक धडा गिरविला होता. तो तिने वैराग्याने गिरविला नाही, हे खरे. तो तिच्यावर लादलेला होता, हेही खरे. म्हणून त्याला संन्यास म्हणता येणार नाही. तथापि माझे न म्हणता राबणे तिला साधले होते, हे नाकारता येणार नाही. ज्यांना सर्व सोडूनही झोळीचे, शिष्यांचे, मठाच्या मानाचे माझेपण सुटत नाही, त्यांनी तिच्याकडे पाहून क्षणभर थांबावे.

मघा सांगितलेली पाच नावे पुन्हा वाचावी. प्रत्येकात स्वतःचे नाव आहे, पित्याचे नाव आहे, कुळाचे नाव आहे. ज्या उदरातून ते आले तिचे नाव नाही. ज्या दिवशी प्रेत घरी आले त्या दिवशी जिने पहिला हंबरडा फोडला, तिचे नाव अभिवादनाच्या उच्चारात येत नाही. यात कोणाचा दोष नाही. आपली लेखनाची रीतच तशी. दि. बा. पाटील या नावातील ‘बा’ हे अक्षर त्यांच्या शिक्षक पित्याचे, बाळू पाटील यांचे. त्यांच्या मातेचे नाव माधूबाई होते, हे किती जणांना ठाऊक आहे? महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहावे असा निर्णय घेतला तो २०२४ साली. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मातेचे नाव लिहून ठेवले त्याला सातशेहून अधिक वर्षे झाली होती.

येथे अतिशयोक्तीचाही मोह टाळावयास हवा. लोक अशा मातेला देवी म्हणतात आणि त्यात मोठा गौरव समजतात. आपल्या शास्त्राच्या दृष्टीने तो गौरव नव्हे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निराळे. देवता स्वतः नित्यबद्ध. तिला मोक्ष नाही आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्यही नाही. जीव मात्र बद्धमुक्त. तो सुटू शकतो. मग आईला देवी म्हणून तिला न सुटणाऱ्यांच्या पंक्तीत का बसवावे? तिला जीव म्हणावे, योग्य जीव म्हणावे. स्त्रीदेहाने या योग्यतेत उणेपणा येत नाही, हे स्वामींनी पुनःपुन्हा स्पष्ट केले. स्त्रीच्या मासिक धर्माला लोक विटाळ म्हणत. स्वामींनी तो देहाच्या इतर स्रावांसारखाच एक देहधर्म ठरविला. पुरुषाचा जीव आणि स्त्रीचा जीव असे दोन प्रकार त्यांनी मानले नाहीत. गृहस्थाश्रमातील सेवेने मोक्ष होतो असे शास्त्र सांगत नाही; परंतु दया, दान, अहिंसा आणि अगर्व यांनी जीवाला योग्यता येते आणि योग्य जीवाकडे परमेश्वराची कृपादृष्टी वळते, हे ते सांगते. मातेची स्तुती करावयाची ती एवढीच करावी. ती तिला पुरेशी आहे.

श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा शेवटी आधार घ्यावा. ऋद्धिपुरात ते घरोघर हिंडत, स्वयंपाकघरात शिरत, लेकरांत खेळत. ज्यांना गावाच्या पाण्यावर अधिकार नव्हता त्या मातंगांच्या वस्तीत त्यांनी पाण्याची जागा दाखविली. ऋद्धिपूरचे लोक त्यांना एकाच वेळी माय आणि बाप मानत. परमेश्वर अवताराला उपमा द्यावयाची वेळ आली तेव्हा त्या लोकांना मायेचा शब्द आधी सुचला. तो शब्द त्यांनी कोठून आणला? आपापल्या घरातून आणला. ज्यांनी आईची माया चाखली नसती, त्यांना श्रीप्रभूंच्या मायेला नाव देता आले नसते. घरातील माता परमेश्वरस्मरणाला आड येत नाही, उलट त्या स्मरणाला पहिला शब्द पुरविते, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा वासनिक आणि उपदेशी कुटुंबांनी एक साधा नेम करावा. घरात जी वृद्ध स्त्री आज हयात आहे, तिच्याजवळ वही घेऊन बसावे. तिचे नाव, तिच्या आईचे नाव, तिला उपदेश कोणाकडून झाला, कोणत्या लीळा तिने कोणाच्या तोंडून ऐकल्या, कोणते धवळे, कोणत्या ओव्या तिला येतात, कोणत्या सालच्या दुष्काळात किंवा पुरात तिने काय केले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शब्द सुधारू नयेत. म्हाइंभट ज्यांच्याकडे गेले त्यांत शेतात राबणारी माणसेही होती. ती शिकलेली नाहीत म्हणून त्यांची साक्ष त्यांनी कमी लेखली नाही. विरक्त मंडळींनीही अटनात असता ज्या घरी भिक्षा घडली, त्या घरच्या माउलीचे नाव एकदा विचारावे आणि मनोमन तिच्या कल्याणाची प्रार्थना करावी. जासईसारख्या गावांत जेथे शेतेच राहिली नाहीत, तेथे हे काम अधिक निकडीचे आहे. बांध गेला, उघाडी गेली, लावणी गेली. त्यांच्याबरोबर लावणीचे शब्दही जात आहेत. त्या शब्दांची शेवटची पोथी अद्याप कोणाच्या तरी ओसरीवर बसून तांदूळ निवडीत आहे.

तिच्यासाठी आचार्यांनी शास्त्र मराठीत ठेवले. तिला ते ऐकवावे, आणि तिच्यापाशी जे आहे ते आपण ऐकावे. दोन्ही बाजूंनी हे ऐकणे चालू राहिले, तर आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जाणार नाहीत आणि त्यांच्याविना आपणही नागविले जाणार नाही.